टेंट आणि सॅक हाताने शिवून टिकतात का? (दोरा कोणता, टाका कोणता)

उनाडवारा
मंडळी, टेंट दोन माणसांचा डोम, पाचेक वर्षं जुना. सांदण दरीच्या बाजूला साम्रदला लावला होता, रात्री वारा सुटला आणि एका कोपऱ्यातली पट्टी, म्हणजे जिच्या रिंगेत पोलचं टोक बसतं ती, शिवणीतून निघाली. निघताना खालचं कापडही चार बोटं फाडून गेली. शिवाय सॅकच्या उजव्या खांद्याचा पट्टा खाली जिथे शिवलेला असतो तिथे निम्मा उसवलाय. आमच्या टेलरने सॅक बघूनच हात जोडले, म्हणाला एवढं जाड मशीनवर घेतलं तर सुई मोडते. चपला शिवणारे काका तयार आहेत पण ते टेंटला केवढाली भोकं पाडतील या भीतीने अजून दिलेला नाही. तर हाताने शिवून हे टिकतं का? दोरा कुठला घ्यायचा, टाका कुठला, आणि पावसात त्या भोकांतून पाणी येणार का? नवीन घ्या हा सल्ला नकोय, तो घरातून रोज मिळतो.

कातळकडा
डक्ट टेप. दोन्ही बाजूंनी. विषय संपला.

मेघवेडी
कातळकडा, ती टेप उन्हात दोन दिवस राहिली की टेप निघते आणि चिकटा राहतो, मग त्या चिकट्यावर दुसरं काहीच बसत नाही. रात्र काढायला ठीक आहे, दुरुस्ती म्हणून नाही.

माईसाहेब
ट्रेक वगैरे मला जमत नाही पण शिवण येतं म्हणून लिहिते. घरात दोन डोंगरवेडे असल्याने या सॅका माझ्याच पदरात पडतात.

धावदोरा घालू नका. धावदोऱ्यात एक टाका तुटला की ओढ बसल्यावर सगळी रांग सुटत जाते. उलटी टीप घाला. सुई एक टाका पुढे काढायची आणि परत मागे येऊन आधीच्या टाक्याच्या टोकाशीच खुपसायची, की वरून मशीनच्या टिपेसारखी सलग रेघ दिसते आणि खालून दोरे एकावर एक चढलेले दिसतात. मधला एखादा टाका गेला तरी बाकीची रांग धरून राहते. सुरुवातीला आणि शेवटी नुसत्या गाठीवर विसंबू नका, नायलॉनची गाठ सुटते. त्याच भोकांतून तीनचार टाके उलटसुलट घाला आणि मग दोरा तोडा.

आणि फार जवळजवळ टाके घालू नका हो. हौसेने लोक बारीक बारीक टाके घालतात, मग कापडाला पोस्टाच्या तिकिटासारखी भोकांची रांग पडते आणि नेमकं तिथूनच ते फाटतं. टेंटला तीन मिलिमीटरचा टाका पुरे, सॅकच्या पट्ट्याला चार-पाच.

कातळकडा
माईसाहेब दंडवत. पण टेप स्वस्त आहे :)

इचलमाग
इचलकरंजीचा आहे, धंदा सुताचाच, त्यामुळे दोऱ्यावर बोलायचा हक्क आहे असं समजतो.

टेलरकडे कपड्यांना जो पॉलिएस्टर दोरा असतो तो साधारण टिकट १२० चा. टिकट नंबर जितका मोठा तितका दोरा बारीक, ढोबळ हिशोब म्हणजे तीन हजाराला टेक्सने, म्हणजे हजार मीटर दोऱ्याच्या ग्रॅममधल्या वजनाने, भागायचं. १२० म्हणजे २५ टेक्स, शर्टाला ठीक. टेंटच्या शिवणीला टिकट ६० चालेल, पट्टी-रिंग जिथे येते तिथे ४०, आणि सॅकच्या खांद्याला ४० दुहेरी किंवा मग २०. दुकानात 'बाँडेड' मागा. त्यात पीळ घातलेले तंतू राळेने एकमेकांना चिकटवलेले असतात, त्यामुळे जाड कापडातून ओढताना दोरा पिंजत नाही. चामड्याच्या बॅगा शिवणारे हाच वापरतात.

नायलॉन का पॉलिएस्टर, तर नायलॉन ताणतो जास्त आणि घासटणं जास्त सोसतो म्हणून सॅकला नायलॉन. टेंट उन्हात उभा राहतो, आणि उन्हात नायलॉन पॉलिएस्टरपेक्षा लवकर मरतं म्हणून टेंटला पॉलिएस्टर. नायलॉन पाणीही पितं, वजनाच्या चार टक्क्यांच्या आसपास, पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. नायलॉनचा टेंट पावसात रात्री सैल पडतो त्यामागे हेच कारण. सुती दोरा मात्र अजिबात नको. आपल्या पावसाळ्यात दमट कपाटात पडला की बुरशी धरतो, पुढच्या वर्षी हाताने ओढला तरी तुटतो.

निवृत्त_हवालदार
इचलमाग साहेब, सुती अजिबात नको हे मान्य नाही. आमचे कॅनव्हासचे तंबू सुती दोऱ्यानेच शिवलेले असत. पाणी लागलं की दोरा फुगतो आणि सुईचं भोक आपोआप बुजतं. सीलंट बिलंट काही नव्हतं. नवीन तंबू आला की पहिल्यांदा भिजवून वाळवायचा, म्हणजे शिवणी बसतात.

इचलमाग
बरोबर आहे काका, कॅनव्हासला बरोबर. कापडही सुती, दोराही सुती, दोन्ही बरोबरच फुगणार आणि बरोबरच आटणार. उनाडवाराचा टेंट नायलॉन नाहीतर पॉलिएस्टरचा असणार, वर लेप दिलेला. ते कापड सुतासारखं फुगत नाही, त्यात सुती दोरा एकटाच भिजून बसणार. आणि पलटणीत तंबू रोज वाळवायला माणसं होती, आपल्याकडे टेंट रविवारी रात्री पिशवीतून निघतच नाही.

निवृत्त_हवालदार
हे मात्र खरं. ओला तंबू गुंडाळला तर आमच्याकडे शिक्षा होती.

खारट_वारा
मालवणातून लिहितो. आमच्याकडे पूर्वी जाळी सुती असायची तेव्हा झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून काढायचे, नाहीतर एका मोसमात कुजायची. नायलॉन आल्यावर तो उद्योग बंद झाला. तेव्हा दोऱ्याच्या बाबतीत इचलमागांना मत.

एक सांगतो, घरात तंगूस, म्हणजे मासेमारीची नायलॉनची दोरी, पडलीय म्हणून तिने शिवायला जाऊ नका. एकच जाड तंतू असतो, गाठ धरत नाही आणि ताण आला की कापडच चिरते. जाळ्याला ती बरी, कपड्याला नाही.

दीडशहाणा
संक्रांतीचा उरलेला नायलॉन मांजा चालेल का?

मेघवेडी
दीडशहाणा, २०१७ पासून त्यावर बंदी आहे, घरात उरलाय हे जाहीर लिहू नकोस. आणि काच लावलेल्या दोऱ्याने शिवल्यावर तुझा टेंट तूच कापशील.

पक्कड
मी दात साफ करायच्या दोऱ्याने म्हणजे फ्लॉसने सॅक शिवलीय, कळसूबाईच्या खालच्या गावात दुसरं काही मिळत नव्हतं. मेण लावलेला नायलॉन असतो, तुटता तुटत नाही. डबीही छोटी आणि दोरा तोडायला पातं त्यातच. घरी आल्यावर उसवून नीट दोऱ्याने शिवायला हवा होता पण अजून तसाच आहे आणि सॅकला पुदिन्याचा वास येतो.

इचलमाग
फ्लॉस वेळ मारून न्यायला उत्तम. मेणामुळे गाठ घसरते तेवढं सांभाळा, आणि काही फ्लॉस नायलॉनचे नसून टेफ्लॉनसारख्या पदार्थाचे असतात, त्यांना गाठ अजिबातच लागत नाही.

सह्यमित्र
सुईचं कोणीच बोललं नाही. मशीनच्या सुईत नंबर मोठा म्हणजे सुई जाड, १४, १६, १८ असं चढत जातं. हातसुईत बरोबर उलटं, नंबर मोठा म्हणजे सुई बारीक. दुकानात नुसती '१६ ची द्या' म्हणाल तर मशीनची सुई हातात पडेल, जिचं नेढं टोकाशी असतं. टेंटच्या कापडाला ७ च्या आसपासची हातसुई, सॅकला ३ किंवा त्याहून जाड. दाभण मात्र टेंटपासून लांब ठेवा. पोत्याचा दाभण कापड बाजूला सारत नाही, फाडत जातो.

हाताला अंगुस्तान नसेल तर सॅक शिवणं म्हणजे शिक्षा आहे. पट्टा, फोम, सॅकचं कापड आणि आतली पट्टी असे चार थर असतात. सुई अर्धी आत गेली की पुढून पक्कडीने ओढायची, सरळ ओढायची, वाकडी ओढली की नेढ्यापाशी मोडते.

पक्कड
माझं नाव आलं का कुठे?

मोहरी
चपला शिवणाऱ्या काकांना एवढे कमी का लेखताय? माझ्या सॅकचे दोन्ही खांदे आमच्या स्टेशनबाहेरच्या काकांनी शिवलेत. त्यांच्याकडे आरी असते, टोकाला आकडा असलेली, ती वरून खुपसायची, खालून दोऱ्याचा फास वर ओढायचा आणि त्या फासातून दोऱ्याचं दुसरं टोक काढून आवळायचं. म्हणजे प्रत्येक टाका आपापला अडकलेला राहतो, एक तुटला तर बाकीचे जागेवर. दोऱ्याला ते मेण चोळतात. माझ्यासमोर दहा मिनिटांत झालं आणि त्यांनी जे पैसे मागितले तेवढ्यात दुकानात चहासुद्धा येत नाही, म्हणून मी दुप्पट दिले. सॅकला ही माणसं आपल्यापेक्षा शंभरपट चांगली.

फक्त टेंट देऊ नका. आरीचं भोक चामड्याच्या हिशोबाचं असतं.

माईसाहेब
मोहरीताईंशी सहमत. जाड कामाला जाड हात. फक्त त्यांना एवढं सांगा की पट्टा नुसता आडवा एका रेघेत न शिवता चौकोन शिवून मध्ये फुली मारायची. नवीन सॅकच्या पट्ट्यांना बघा, तसंच असतं. ओढ चारी बाजूंना वाटली जाते.

गोधडीवाला
माईसाहेबांचा धावदोऱ्यावरचा राग मला पटत नाही, माफ करा :) आमच्या आजीच्या गोधड्या, सातारकडच्या, सगळ्या धावदोऱ्याच्याच. वर्षानुवर्षं नदीवर आपटून धुतल्या गेल्या. धावदोरा कमकुवत नसतो, एकच धावदोरा कमकुवत असतो. गोधडीत बोटाबोटावर रांगा असतात, एक गेली तर शेजारच्या दहा धरून ठेवतात. टेंटवर ठिगळ लावताना हेच करा. एकच भक्कम शिवण घालून सगळा ताण तिच्यावर टाकण्यापेक्षा दोन-तीन रांगा जरा अंतराने घाला.

बहुतेक वेळा दोरा तुटतच नाही. उनाडवाराने लिहिलंय ते परत वाचा, पट्टी निघताना कापड घेऊन गेली. म्हणजे दोरा टिकला, कापड हरलं. आणि आपण इथे दोऱ्यावर इतके प्रतिसाद पाडलेत.

माईसाहेब
हे बरोबर बोललात. धावदोऱ्याला माफी, पण तीन रांगांच्या अटीवर.

उनाडवारा
बाप रे, दोन दिवस बघितलं नाही तर केवढं झालंय. सगळ्यांचे आभार. गोधडीवाला म्हणतात तसंच आहे, मी आज पट्टी नीट बघितली, तिच्या टाक्यांना अजून टेंटच्या कापडाची चिंधी लटकतेय. मग आता फाटलेल्या कापडावर शिवायचं तरी कसं? ठिगळाला कापड कुठून आणू?

सह्यमित्र
ठिगळाची पद्धत अशी. फाटलेल्या भागाच्या चारी बाजूंनी दोन-तीन सेंटिमीटर तरी चांगल्या कापडावर येईल एवढा तुकडा घे. कोपरे गोल काप, टोकदार कोपरा आधी उचकटतो. आतून एक, बाहेरून एक, म्हणजे मधलं फाटकं कापड सँडविच होईल. आधी फाटलेल्या कडा एकमेकांना लावून मोठ्या आडव्या टाक्यांनी नुसत्या जवळ आण, आवळू नको, चुण्या पडतात. मग ठिगळाची कड आत दुमडून पहिली रांग, आणि अर्ध्या बोटाच्या अंतराने आत दुसरी. मग ती पट्टी आणून या ठिगळावर बसव आणि पट्टीचे टाके ठिगळ ओलांडून पलीकडच्या मूळ शिवणीपर्यंत ने, कारण तिथे कापड आधीच दोन-तीन पदरी आहे.

जिथे कापड शाबूत असून नुसता दोरा गेलाय तिथे मात्र जुन्याच भोकांतून शीव, नवीन भोकं पाडू नकोस. वेळ जास्त लागतो पण पाणी येण्याच्या जागा वाढत नाहीत.

खारट_वारा
कापड म्हणजे मोडकी छत्री! जून-जुलैत रस्त्यावर ढिगाने पडलेल्या असतात. काड्या मोडलेल्या असतात, कापड चांगलं असतं. आठ पाकळ्या मिळतात, म्हणजे आठ ठिगळं. फक्त आधी दोन्ही हातांनी आडवंउभं जोरात ओढून बघायचं, फार ऊन खाल्लेलं असेल तर टर्रकन फाटतं, ते टाकून द्यायचं.

मेघवेडी
छत्रीची कल्पना भारी आहे. मच्छर जाळीला जुन्या मच्छरदाणीचा तुकडा चालतो, तिथे उलटी टीप बीप नको, कडेने बारीक दोऱ्याने गुंडाळत गेलं की झालं.

पुण्यातल्यांसाठी, पट्ट्या, बकलं, दोऱ्या, ताडपत्री सगळं रविवार पेठेत बोहरी आळीत. मुंबईला कापडासाठी मंगळदास मार्केट. नायलॉनची पट्टी कापली की टोक लगेच उदबत्तीने शेकून घ्यायचं, वितळून कड बंद होते. सुती पट्टी जळते, वितळत नाही, दुकानदार नायलॉन म्हणून काय देतोय तेही त्यातून कळतं.

अटकेपार
मी एडिनबराला असतो. इथे टेंट दुरुस्तीला दिला तर आधी धुऊन आणा म्हणतात, मग आठवडे ठेवून घेतात, आणि बिल बघून वाटतं सुईदोरा शिकायला आईने शाळेतल्या सुट्टीत बसवलं होतं तेव्हा पळालो नसतो तर बरं झालं असतं. आता यूट्यूब आणि माईसाहेब.

बर्फवेडा
एक सावधगिरी. पिसांची म्हणजे डाऊनची स्लीपिंग बॅग असेल तर शिवायला बसू नका. सुईच्या प्रत्येक भोकातून पिसं बाहेर यायला लागतात, आणि बाहेर आलेलं पीस ओढून काढलं की ते मागच्या दोघांना घेऊन येतं. बोटाने आतल्या बाजूने धरून परत आत ओढायचं आणि वर चिकटपट्टीचं ठिगळ, कोपरे गोल. कातळकडा, इथे तुमची टेप चालेल. होलोफिल किंवा तशा कृत्रिम भरणाची असेल तर खुशाल शिवा.

कातळकडा
शेवटी न्याय मिळाला.

ओकाबोका
टेंटच्या दाराची चेन बंद केली तरी मागून उघडत जाते, ती सगळी बदलून शिवावी लागेल का? टेलर म्हणतो पूर्ण नवी टाकतो.

पक्कड
नाही नाही थांबा. दाते तुटलेत का बघा. नसतील तर दोष रनरचा आहे. धूळमाती खाऊन तो आतून झिजतो आणि दोन्ही बाजू एकमेकांत दाबून बसवत नाही. पक्कडीने रनरच्या मागच्या बाजूच्या, म्हणजे जिकडून बंद झालेली चेन बाहेर येते तिकडच्या, दोन्ही कडा अगदी हलक्या दाबायच्या, डावी-उजवी सारखी. दाबायचं, चालवून बघायचं, परत दाबायचं. एकदम जोर लावलात तर रनर फुटेल. तेवढ्याने नाही भागलं तर नुसता रनर बदला, त्याच्या पाठीवर नंबर असतो, ५ असेल तर ५ चाच आणा, आणि गुंडाळी दात्यांच्या चेनला प्लास्टिकच्या सुट्या दात्यांचा रनर चालत नाही. रनर घालायला चेनच्या टोकाची शिवण थोडी उसवावी लागते, घालून झाल्यावर टोकाला दात्यांवरून पाचसहा जाड टाके एकावर एक घाला, रनर तिथेच अडकतो.

ओकाबोका
दाबला. बंद होतेय! टेलरला आता तोंड कसं दाखवू.

भटकभवानी
थोडं विषयाला धरूनच, आमच्या ग्रुपमध्ये एकाचा हार्नेस, म्हणजे दोराला लटकताना कमरेला-मांड्यांना बांधतात तो पट्टा, मांडीपाशी उसवलाय. मोहरीने लिहिलंय तसं काकांकडून जाड दोऱ्याने शिवून घेतला तर चालेल ना? फक्त धबधब्याच्या रॅपलिंगला, दोरावरून खाली उतरायला, वापरतो, चढाईला नाही.

सह्यमित्र
नाही. नाही. नाही. त्याला सांग आजच कात्रीने कापून टाक, म्हणजे दुसरं कोणी वापरणार नाही.

भटकभवानी
अहो पण रॅपलिंगला पडायचा प्रश्नच नाही, नुसतं वजन येतं. आणि दोरा जाड असेल तर...

सह्यमित्र
भटकभवानी, रागावून लिहीत नाहीये पण हे नीट वाच. हार्नेसच्या युरोपियन मानकात, ईएन १२२७७ मध्ये, अख्ख्या हार्नेसला १५ किलोन्यूटनची ओढ देऊन बघतात, म्हणजे ढोबळमानाने दीड टन टांगल्यासारखं. स्लिंगला, म्हणजे शिवलेल्या पट्ट्याच्या फासाला, २२ किलोन्यूटन. ती ताकद त्या आडव्या-उभ्या घट्ट टाक्यांच्या गठ्ठ्यातून येते, तो मशीनवर ठरलेल्या दोऱ्याने आणि ठरलेल्या टाक्यांच्या संख्येने घातलेला असतो. काकांनी शिवलेलं किती धरेल हे काकांनाही माहीत नाही आणि मलाही नाही, आणि ते तपासायचा तुझ्याकडे एकच मार्ग आहे, त्यावर लटकणं. शिवाय शिवण उसवली म्हणजे पट्टाही घासला असणार किंवा ऊन खाल्लं असणार. रॅपलिंगमध्ये पाय घसरून भिंतीवर आपटलो की नुसतं वजन राहत नाही, झटका बसतो.

निवृत्त_हवालदार
सह्यमित्रांशी पूर्ण सहमत. अंगावर टांगायच्या वस्तूला सुई लावायची नाही.

मोहरी
मी काकांची स्तुती सॅकपुरती केली होती, कृपया माझं नाव यात गोवू नका.

भटकभवानी
ठीक आहे, कळलं. कापायला लावते. तो रडेल.

दीडशहाणा
हार्नेसच्या कापलेल्या पट्ट्या उनाडवाराला द्या, सॅकला होतील.

सह्यमित्र
दीडशहाणा पहिल्यांदा कामाचं बोलला.

उनाडवारा
शिवलं! छत्री मिळाली, काळी, आजोबांची. आतून-बाहेरून ठिगळ, दोन रांगा, पट्टी परत बसवली आणि टाके मूळ शिवणीपर्यंत नेले. सॅक काकांकडे दिली, चौकोन आणि फुली सांगितली तर म्हणाले, मला शिकवू नका. आता दोन प्रश्न. भोकांमधून पाणी, त्याचं काय? आणि हे टिकेल की नाही ते जंगलात कळण्याआधी घरी कसं कळेल?

मेघवेडी
पाण्याआधी कापडाचा लेप ओळख. चिकटपट्टीचा तुकडा चिकटव आणि ओढ. नीट चिकटली तर बहुधा पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, घसरून निघाली तर सिलिकॉन. बरेच टेंट एका बाजूने सिलिकॉन आणि दुसऱ्या बाजूने पीयू असतात तेव्हा दोन्हीकडे बघ. पीयूला पीयूचं सीम सीलर, म्हणजे शिवणीची भोकं बुजवायचं द्रावण. सिलिकॉनवर सिलिकॉनशिवाय काहीही बसत नाही, त्याला हार्डवेअरच्या दुकानातलं शंभर टक्के सिलिकॉन, अ‍ॅक्रिलिक मिसळलेलं नको. टर्पेंटाइनमध्ये पातळ करून जुन्या टूथब्रशने टाक्यांच्या रांगेवर चोळायचं म्हणजे भोकांत उतरतं, नुसतं वरून थापलं की पापडी निघते. गच्चीवर किंवा खिडकी उघडी ठेवून कर, वास डोक्यात जातो. एक दिवस वाळू दे, आणि घडी घालायच्या आधी वर टाल्कम पावडर मार, नाहीतर ती जागा स्वतःलाच चिकटते.

टेंट आतून चिकट लागत असेल आणि आंबूस वास येत असेल तर मात्र लेप मेलाय. ओला गुंडाळून ठेवलेल्या टेंटचं हेच होतं. मग शिवून कोपरा धरेल पण छत गळणार.

गोधडीवाला
सॅकसाठी सोपं आहे, पाण्याचा २० लिटरचा जार भरून सॅकमध्ये ठेव आणि दुरुस्त केलेल्या त्याच एका पट्ट्याने ती दाराच्या बळकट कडीला अडकव, रात्रभर. मध्येच येताजाता खाली ओढ. सकाळी टाक्यांपाशी कापडाची भोकं लांबट झाली असतील तर अजून एक रांग किंवा मोठी पट्टी हवी. खाली बादली ठेव म्हणजे आईचा ओरडा वाचेल.

टेंटचा प्रश्न वेगळा आहे आणि तो कोणी विचारलाच नाही. कोपरा फाटला का? त्या रात्री वरच्या कव्हरच्या दोऱ्या ताणून खुंट्यांना बांधल्या होत्या का?

उनाडवारा
नाही... चार कोपऱ्यांच्या खुंट्या ठोकल्या होत्या फक्त. त्या दोऱ्या पिशवीतच असतात, कधी सोडल्याच नाहीत. त्या वारा असेल तरच ना?

गोधडीवाला
वारा होताच की! वाऱ्याने पोल वाकतो, वाकलेल्या पोलची सगळी ओढ त्याचं टोक जिथे बसलंय त्या पट्टीवर येते. मधल्या दोऱ्या ताणलेल्या असतील तर ती ओढ पोलच्या मध्यावरूनच जमिनीत जाते. तू कितीही भारी शिवलंस तरी दोऱ्या न बांधता तिथे परत लावलास तर या वेळी दुसरा कोपरा जाईल, कारण शिवलेला आता बाकी तिघांपेक्षा भक्कम आहे. आणि टेंटची अरुंद बाजू वाऱ्याकडे कर, रुंद बाजू केली की ती शिडासारखी फुगते.

इचलमाग
हे महत्त्वाचं. त्यात अजून एक, बाकीचे तीन कोपरेही तेवढंच ऊन खाऊन बसलेत. उजेडासमोर धरून टाक्यांची भोकं बघ, लांबट दिसली तर फाटायच्या आधीच ठिगळ दे. छत्रीच्या अजून पाकळ्या उरल्यात ना?

उनाडवारा
उरल्यात. बघितले तिन्ही कोपरे, एकाची भोकं खरंच ओढली गेलीत. परत सुई घेऊन बसतो. जार टांगलाय, आई विचारतेय की दाराला पाणी का लटकतंय.

सह्यमित्र
माझ्याकडे टिकट ४० चा काळा बाँडेड दोरा आहे, घेतला तेव्हा अख्खं रीळच घ्यावं लागलं, ते या जन्मी संपत नाही. पुण्यात कोणाला पाच-दहा मीटर हवा असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, पुठ्ठ्यावर गुंडाळून सुईसकट देईन.

ओकाबोका
मला हवा. व्यनि केलाय. आणि बुटाचा सोल सुटलाय, तो याच दोऱ्याने शिवता येईल का?

मोहरी
बूट कुठले त्यावर आहे. ट्रेकिंगच्या बहुतेक बुटांचे सोल चिकटवलेले असतात, मधला फोम भुगा होऊन सुटला असेल तर दोरा कशात धरणार? वेगळा धागा काढा आणि फोटो टाका, इथे नको.

ओकाबोका
काढतो.